काकूंचं मुकं मशीन

"कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये," असं म्हणत काकांनी खिडकीतल्या एसीच्या पुढच्या झाकणाखाली बोटं घातली आणि ते ओढलं. झाकण जागचं हललं नाही. "पण हे मशीन बसवलं त्या उन्हाळ्यात खालचा रस्ता गोठला होता. माणसं चपला हातात घेऊन घसरत घसरत कामावर जायची. एक जण तर घसरत थेट साहेबाच्या टेबलापर्यंत गेला. बढती मिळाली त्याला."

"काका, आधी वरचे खटके दाबा," दारात उभी असलेली शिकवणीवाली म्हणाली.

"माहीत आहे गं. मी त्याला दमवतोय."

काकांचं खरं आडनाव इमारतीत कोणाला आठवत नव्हतं. लोणकढी थाप मारण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे त्यांना लोणकढे काका म्हणत. टपालसुद्धा त्याच नावानं येतं, असं काका सांगत. आता हे खरं की तीही लोणकढीच, ते टपालवाल्यालाच ठाऊक. शिकवणीवाली शेजारच्या इमारतीत नव्यानं राहायला आली होती. दुपारभर ती संगणकासमोर बसून मुलांना गणित शिकवायची, आणि तिची खिडकी व काकांच्या एसीची पाठ यांच्यामध्ये एक बोळ होता, इतका अरुंद की त्यातून मांजरही तिरकं होऊन जायचं. आज ती तक्रार घेऊन आली होती. पण तिनं तोंड उघडलं की काका मध्ये कधी बर्फ घालत, कधी पोलीस, आणि एकदा तर त्यांनी हत्तीही घातला होता.

"काका, मला खरंच बोलायचंय. तुमच्या या एसीचा…"

"श्श."

काकांनी न्हाणीघराकडे पाहिलं. आत नळ सोडलेला होता. काकू एसीची आतली जाळी जुन्या टूथब्रशनं घासत होत्या. काकांना त्यांनी तोवर झाकण काढून ठेवायला सांगितलं होतं. काकांनी आवाज खाली आणला, मग तो आणायची काही गरज नाही हे आठवून ते क्षणभर तसेच थांबले.

"बोल," ते म्हणाले. "पण तिकडे पाठ करून बोल. तिला ओठ कळतात."

शिकवणीवालीला त्यातलं काही उमगलं नाही, तरी तिनं पाठ केली.

"आवाज होतो, काका. फार होतो. माझी मुलं विचारतात, ताई, तुमच्याकडे कोणी पत्रा कापतंय का? काल एकानं गणित अर्ध्यात सोडलं. म्हणाला, आधी त्यांचं कापून होऊ दे."

काका हसले नाहीत. एरवी इतकं आयतं हातात आलेलं वाक्य त्यांनी फुकट जाऊ दिलं नसतं. संध्याकाळपर्यंत त्या पत्र्याचं विमान झालं असतं.

"मी प्रयत्न केला गं," ते म्हणाले. "ती बाजारात गेली की मी एखादा स्क्रू पिळून बघतो. परवा एक पिळला, तर तो खिडकीचा निघाला. तेव्हापासून खिडकी लागत नाही आणि मशीन थांबत नाही."

"मग मिस्त्रीला बोलवा ना."

"मिस्त्रीला? या घरात?" काकांनी अशा स्वरात विचारलं, की जणू तिनं आचाऱ्याच्या घरी बाहेरून डबा मागवायला सांगितलं होतं.

ते खरंही होतं. काकूंनी उभी हयात शिलाई मशीन दुरुस्त करण्यात घालवली होती. बाजाराच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दार असलेलं कपाटच. गिऱ्हाईकानं मशीन काउंटरवर ठेवावं, काकूंनी त्याचं चाक एकदा हातानं फिरवावं, डोळे मिटावेत आणि म्हणावं, "सुई वाकडी बसवलीय," किंवा "खालचं शटल झिजलंय." उघडून बघितलं की तसंच निघायचं. मागच्या गल्लीतल्या शिंप्याला त्यांनी एकदा दुकानात बसल्या बसल्या निरोप धाडला होता, की तुझ्या मशीनला तेल घाल, मला इथे बसवत नाही. ही काकांची थाप नव्हती. तो शिंपी स्वतःच सगळ्यांना सांगायचा. अर्थात शिंप्याच्या हातून गेलेल्या गोष्टीत थोडी शिलाई जास्तीची असणारच. काका तेव्हा दुकानात काय करायचे? काकूंचं काम होईपर्यंत गिऱ्हाइकांना गोष्टी सांगून बसवून ठेवायचे. काही जणं तर म्हणे चांगली मशीनं बिघडवून आणायची, मागच्या गोष्टीचं पुढे काय झालं ते ऐकायला.

दुकान बंद झालं आणि काकूंच्या कानाला घरात हा एकच विद्यार्थी उरला. खिडकीतला एसी जुना होता. त्याच्या वयाची बाकीची मशीनं केव्हाच भंगारात गेली होती. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी काकू तो स्वतः उघडायच्या, धुवायच्या, पुसायच्या आणि मग सुरू करून त्याच्यासमोर स्टुलावर बसायच्या. गवई तंबोरा जुळवतो तसा एखादा स्क्रू पाव फेरा इकडे, एखादा तिकडे. कुठे काही कुरकुरलं की आधी त्यांची भुवई हलायची, मग हात.

या उन्हाळ्यातही तसंच झालं. फक्त भुवई हलली नाही. मशीन सुरू होताच खडखडायला लागलं, आणि काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उजळत गेलं, की काकांच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच राहिलं.

"अहो," काकू म्हणाल्या होत्या, "आवाजच नाही. आजवर इतकं छान कधी लागलं नव्हतं. ऐका ना. कसं चाललंय?"

आणि ज्यांनी जन्मात एक वाक्य फोडणीशिवाय वाढलं नव्हतं, ते काका म्हणाले, "शांत आहे."

थापेचं एक असतं. मोठी थाप मारली तर ती आपल्या पायावर उभी राहते, लोक हसतात आणि सोडून देतात. छोट्या थापेला मात्र रोज दूध पाजावं लागतं. परगावी राहणाऱ्या लेकीनं काल फोन केला होता. कानाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय, बाबा, आईला घेऊन जा. फोनचा आवाज होता तेवढा वाढवून काकांनी तो काकूंपुढे धरला.

"मला काय धाड भरलीय?" काकू फोनला म्हणाल्या. "हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू? माझ्या मशीनचा एक स्क्रू सैल झाला तर मला कळतो. ज्या दिवशी ते खडखडेल आणि मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी आपल्या पायानं येईन डॉक्टरकडे. विचार तुझ्या बाबांना, कसं चाललंय मशीन ते."

मशीन तेव्हाही चालू होतं. लेकीला ते फोनमधून ऐकू येत होतं.

"बाबा?" ती म्हणाली.

काकू काकांकडे बघत होत्या. शाळेतलं मूल मास्तरांच्या हातातल्या लाल पेन्सिलीकडे बघतं तसं.

"शांत आहे," काका म्हणाले.

हे सगळं काकांनी शिकवणीवालीला हळू आवाजात सांगितलं, झाकण दोन्ही हातांत धरून. ते निघालं होतं हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग ते आणखी एक सांगू लागले, आणि त्याला मात्र त्यांनी तिखटमीठ लावलं नाही.

"गेल्या आठवड्यात चौकात आम्ही रस्ता ओलांडत होतो. मी मागे होतो, चपलेचा अंगठा तुटला होता. मागून टेम्पो आला. भोंगा सगळ्या रस्त्यानं ऐकला. ही पिशवी सावरत चालतच राहिली. त्यानं टेम्पो फुटपाथवर चढवला, म्हणून."

"काकूंना कळलं?"

"नाही. म्हणाली, काय ही माणसं, कुठेही गाड्या लावतात."

शिकवणीवालीनं न्हाणीघराच्या दाराकडे एकदा वळून पाहिलं.

"मग तुम्ही सांगूनच टाका, काका."

"मी? आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवायचा? म्हणेल, डॉक्टरकडे न्यायला रचलेली गोष्ट आहे. आयुष्यभर इतकी खोटी नाणी पाडली गं, की आता खरं दिलं तरी वाजवून घेतात."

"मग मी सांगते."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती थांबली.

"हे घर तिच्या कानावर उभं राहिलंय," ते म्हणाले. "लेकीचं शिक्षण, ही खिडकी, हे मशीन. मी नुसता बडबड करत होतो. आता मीच जाऊन तिला सांगू, की तो कान गेला?"

नळ बंद झाला.

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. जाळी त्यांनी उजेडासमोर धरली आणि एक डोळा मिटून तिच्यातून आधी खिडकीकडे आणि मग शिकवणीवालीकडे पाहिलं.

"अगं बाई! कधी आलीस? बेल तरी वाजवायचीस."

शिकवणीवालीनं काकांनी दार उघडेपर्यंत बेल वाजवली होती. "आत्ताच आले, काकू," ती म्हणाली.

"बस. ही सुकेपर्यंत चहा होईल. ओली जाळी बसवली तर धूळ चिकटून तिची गादी होते." त्यांनी जाळी फडक्यात दाबून टिपली आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर उभी केली. "उन्हात ठेवायची नाही हो. वाकडी होते, मग कडेनं केर आत जातो. आमच्या यांनी एकदा ठेवली होती."

"ती वाकली नव्हती," काका म्हणाले. "ती मला नमस्कार करत होती."

काकूंनी त्यांच्या ओठांकडे बघत हे ऐकलं आणि हातानंच पुरे म्हटलं. मग त्या कामाला लागल्या, आणि शिकवणीवाली तक्रार विसरून बघत राहिली. काकूंनी आधी भिंतीतला प्लग काढला आणि तो सगळ्यांना दिसेल असा स्टुलावर ठेवला. झाकणामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या दाटीनं उभ्या होत्या, वहीच्या पानांसारख्या. त्यांच्यावरून त्यांनी मऊ ब्रश फिरवला, फक्त वरून खाली, कधीही आडवा नाही. एका कोपऱ्यात काही पट्ट्या आडव्या पडल्या होत्या. काकूंनी केसांतून बारीक दातांची फणी काढली, हो, केसांतूनच, आणि पोरीचा भांग पाडावा तशा त्या पट्ट्या विंचरून सरळ केल्या. मग तांब्याभर पाणी खालच्या तबकात हळूच सोडलं आणि खिडकीशी जाऊन, मान बाहेर काढून, ते मागच्या नळीतून थेंब थेंब पडतंय का ते पाहिलं.

"मशीन नेहमी बाहेरच्या बाजूला जरासं झुकलेलं हवं," त्या म्हणाल्या. "आत झुकलं की भिंत रडते. माणसाचंही तसंच. मनातलं पाणी बाहेर जायला वाट हवी."

काकांनी चहाच्या भांड्यात जरा जास्तच लक्ष घातलं.

काकूंच्या हातात काम कसं पळायचं हे सांगायला गेलं तर मलाही लोणकढ्यांच्या पंगतीला बसवतील. एवढंच सांगतो, की स्क्रू त्यांच्या बोटांना शोधत यायचे. डोळे दुसरीकडे, तोंडानं शिकवणीवालीच्या आईची चौकशी चाललेली, आणि अंगठा व तर्जनी मात्र आपापलं काम करून, झाकणाचे चारही कोपरे बसवून, कपबशी उचलायला परतसुद्धा आलेली.

चहा झाला. जाळी सुकली. काकूंनी ती तिच्या खाचेत सरकवली, प्लग लावला, पदराला हात पुसले आणि बटण फिरवलं.

मशीन आधी घुमलं आणि मग खडखडायला लागलं. खिडकीच्या काचांनी एकमेकींना घट्ट धरलं. स्टुलावरच्या बशीत चमचा नाचू लागला. बोळापलीकडे शिकवणीवालीच्याच घरातली एक पाटी भिंतीवरून खाली आली, असं काका पुढे कित्येक दिवस सांगत असत.

काकू स्टुलाशेजारी उभ्या राहून मशीनकडे बघत होत्या. वाऱ्यानं त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस मागे जात होते. चेहऱ्यावर तोच उजेड होता. शिकवणीवालीनं तो पहिल्यांदाच पाहिला, आणि काकांना 'शांत आहे' का म्हणावं लागलं ते तिला कोणी न सांगता कळलं.

"बघितलंस?" काकू म्हणाल्या. "घरात मांजर चाललं तर त्याचा आवाज होईल, याचा नाही. तुझी खिडकी याच्या पाठीलाच आहे ना गं? होतो का कधी त्रास? खरं सांग हं."

शिकवणीवालीनं काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते. छतावर काहीही नव्हतं.

"नाही, काकू!" ती म्हणाली. "अगदी शांत आहे!"

काकूंनी मान डोलावली. त्या हसतही होत्या. पण त्यांची नजर मुलीच्या ओठांवरून खाली घसरली आणि गळ्यावर थांबली.

"काय म्हणालीस?"

"शांत आहे! अगदी शांत!"

मुलीच्या मानेच्या दोन्ही शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या.

काकूंचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून हसणं निघून गेलं. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, पुन्हा मशीनकडे. दुकानात चाक फिरवल्यावर त्या डोळे मिटायच्या. आज त्यांनी ते मिटले नाहीत, उलट जरा बारीक केले. बिघाड शोधायची त्यांची एकच पद्धत होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते बघायचं. त्यांनी बटण फिरवून मशीन बंद केलं. पंखा गरगरत मंदावला आणि थांबला.

"अहो," त्या काकांकडे वळल्या. "कसं चाललं होतं?"

खोली इतकी गप्प झाली होती, की नळाचा थेंब ऐकू येत होता.

"शांत," काका म्हणाले. ओठ जेमतेम हलले. गळा सैल होता.

काकूंनी तो नीट पाहून घेतला. मग पुन्हा बटणाला हात घातला. थंडाव्याच्या खुणेवर त्यांनी ते नेलं नाही. आत्ताच थांबलेल्या मशीनला लगेच त्या कामाला जुंपायचं नसतं, हे त्या अशा वेळीही विसरल्या नाहीत. त्यांनी नुसता पंखा लावला. खडखड पुन्हा सुरू झाली, कारण ती पंख्याचीच होती. मागचं पातं कुठेतरी पत्र्याला घासत होतं. काकूंनी एक तळवा मशीनच्या अंगावर ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"आणि आता?" त्यांनी विचारलं. "आता कसं चाललंय?"

काकूंची नजर कुठे आहे ते काकांना दिसत होतं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याकडे इतक्या लक्षपूर्वक कोणी पाहिलं नव्हतं. हळू बोलणं मुळीच अवघड नव्हतं. आवाज कशाला, नुसते ओठ हलवले असते तरी भागलं असतं. गळा सैल ठेवायचा, दोन शब्द पुटपुटायचे, आणि मशीन उन्हाळाभर मुकं राहिलं असतं. असल्या कामात काकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिकवणीवाली त्यांच्याकडे बघत होती, आणि तिनं एक बोट नकळत ओठांवर ठेवलं होतं.

काकांनी हातातला कप खाली ठेवला. ते काकूंच्या अगदी समोर, दोन पावलांवर जाऊन उभे राहिले. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी सोडलं, मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले. इतक्या जोरात, की समोरच्या गच्चीवरची सगळी कबुतरं उडाली आणि त्यातली काही, असं म्हणतात, अजून परतलेली नाहीत.

"शांत आहे!"

काकूंनी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. मशीनवरचा तळवा त्यांनी उचलला नाही.

"खोटं," त्या म्हणाल्या. "शांत आहे, तर एवढे ओरडताय कशाला?"